यकृताचे विकार आणि न विचारलेले प्रश्न

यकृताच्या जुनाट विकाराने ग्रासलेला रुग्ण हा आधुनिक वैद्यकातील अतिशय काटेकोरपणे मोजल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी एक होय. त्याच्या रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, क्रिअॅटिनिन, सोडियम, रक्त गोठण्यास लागणारा वेळ या साऱ्यांचे आकडे ठरावीक मुदतीने कागदावर उतरतात. त्यांतून 'चाइल्ड-प्यू' किंवा 'मेल्ड' या नावाचा गुणांक तयार होतो आणि रुग्ण किती काळ तग धरील, यकृतरोपणाची निकड किती आहे, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. ही मोजदाद अत्यंत उपयोगी आहे याबद्दल दुमत नाही. परंतु अर्थशास्त्रात पदोपदी आढळणारा एक धोका येथेही संभवतो. जे मोजले जाते ते महत्त्वाचे ठरते आणि जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नाही, असे हळूहळू वाटू लागते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीच्या श्रमांचे जे झाले, तेच या कागदावर रुग्णाच्या मनाचे झाले आहे. त्याला रकानाच नाही.

रकाना नाही म्हणून नोंदण्यासारखे काही नाही, असे मात्र नव्हे. ब किंवा क प्रकारच्या विषाणूमुळे होणारा दीर्घकालीन हिपॅटायटिस असो, मद्यामुळे जडलेला विकार असो, यकृतात मेद साठल्यामुळे उद्भवलेला असो, की या सर्वांचे पुढचे ठाणे असलेला सिरॉसिस असो. या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा पुष्कळ अधिक असते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. नेमका आकडा मात्र पाहणीगणिक बदलतो. कोठे तो पाचांत एक असा निघतो, तर कोठे निम्म्याच्या घरात जातो. एवढी तफावत पाहिल्यावर संख्याशास्त्राचा विद्यार्थी प्रथम मोजपट्टीवर संशय घेईल आणि येथे तो संशय रास्त ठरेल. या रुग्णांत नैराश्य मोजणे मुळातच अवघड आहे. ते का अवघड आहे हे ध्यानात घेतल्यावाचून ते ओळखताही येणार नाही.

समजा, एखाद्या सरकारी कचेरीत पन्नाशीचा एक वरिष्ठ लिपिक आहे. सिरॉसिसचे निदान होऊन त्याला दोन वर्षे झाली. रात्री झोप लागत नाही, भूक मेली आहे, सकाळी उठतानाच अंग मोडून आल्यासारखे वाटते. फायलीतील एकच मजकूर दोनदा वाचावा लागतो. वजन उतरले आहे आणि चालणे-बोलणे मंदावले आहे. ही यादी मानसोपचारतज्ज्ञाने वाचली तर त्याच्या मनात नैराश्याचा विचार येईल. यकृततज्ज्ञाने वाचली तर तो म्हणेल की, यकृत इतके बिघडल्यावर दुसरे काय होणार? दोघांचेही बरोबर असू शकते आणि खरी अडचण हीच आहे. शरीराचे कारण हाताशी असले की मनाचे कारण शोधण्याची तसदी कोणी घेत नाही. वैद्य घेत नाही, घरचे घेत नाहीत आणि बहुतेक वेळा खुद्द रुग्णही घेत नाही.

याखेरीज आणखी एक स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते. "एवढा मोठा आजार म्हटल्यावर माणूस उदास होणारच!" सहानुभूतीने उच्चारले जाणारे हे वाक्य सर्वांत घातक म्हटले पाहिजे. एखादी गोष्ट स्वाभाविक आहे म्हणून तिच्यावर उपाय नको, हा तर्क दुसऱ्या कोणत्याही दुखण्याच्या बाबतीत कोणी मान्य करणार नाही. हाड मोडल्यावर दुखणारच, हे ठाऊक असूनही प्लास्टर घातले जातेच.

नैराश्य हुडकण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी 'पीएचक्यू-नाइन' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. मागील दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे प्रत्येक प्रश्नाचे स्वरूप असते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात. एकूण २७ पैकी दहा किंवा त्याहून अधिक गुण झाले, तर पुढील तपासणी व्हावी असा संकेत आहे. या नऊ प्रश्नांपैकी पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता यांविषयी आहेत. म्हणजे पंधरा गुण असे निघतात की जे केवळ यकृताच्या बिघाडामुळेही पदरात पडू शकतात. दुसऱ्या बाजूने, डॉक्टरांनी हे पाचही त्रास मनातल्या मनात यकृताच्या खात्यावर जमा केले, तर खरोखर नैराश्य असलेला रुग्णही हातून निसटतो.

उरतात ते चार प्रश्न. पूर्वी ज्या गोष्टीत आनंद वाटे तीत आता गोडी उरली आहे का? मन बहुतेक वेळ खिन्न, हताश असते का? आपण कुचकामी ठरलो, घरच्यांना खाली पाहायला लावले, असे वाटते का? यापेक्षा मरण बरे, असा विचार येतो का? या चारांपैकी एकाचेही उत्तर बिलिरुबिनच्या आकड्यात सापडत नाही. यकृत थकवा आणते, भूक मारते. पण नातवंडांचा आवाजही नकोसा व्हावा, हे काही थकव्याचे लक्षण नव्हे. थकलेल्या माणसाला करावेसे पुष्कळ वाटते, मात्र शक्ती नसते. नैराश्यग्रस्ताला करावेसेच वाटत नाही. हा भेद बारीक आहे, परंतु जवळच्या माणसाला तो कळतो आणि विचारले तर तो सांगताही येतो. झिग्मंड आणि स्नेथ या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णालयांतील रुग्णांसाठी १९८३ साली चौदा प्रश्नांची जी मोजपट्टी तयार केली, तीत थकवा, भूक, झोप यांसारखी शारीरिक लक्षणे मुद्दाम टाळण्यात आली, ती याच कारणासाठी. अर्थात कोणतीही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती दार ठोठावते, एवढेच. आत कोण आहे हे जाणत्या डॉक्टरने समोर बसूनच ठरवावे लागते.

शिवाय माणसे प्रश्नावलीच्या भाषेत बोलत नाहीत. "मला नैराश्य आले आहे," असे म्हणणारा रुग्ण विरळा. तो म्हणतो, "करमत नाही." म्हणतो, "कशात जीव रमत नाही", "आता काय राहिलंय?", "तुमच्यावर ओझं झालोय". पेन्शनचे कागद, बँकेची पुस्तके एकाएकी नीट लावून मुलाच्या हवाली करणारा सेवानिवृत्त गृहस्थ काहीच बोलत नाही आणि घरचे त्याच्या टापटिपीचे कौतुक करतात. औषधाच्या वेळा चुकू लागतात, पथ्य मोडू लागते, तपासणीची तारीख टळते. याला बेफिकिरी म्हणण्याचा प्रघात आहे. पण जगण्याचे प्रयोजनच न उरलेल्या माणसाने मीठ कमी का खावे? पुरुष रुग्णाचे नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडते आणि घर त्याला 'आजारपणातला तिरसटपणा' म्हणून सोडून देते. स्त्री रुग्णाची तऱ्हा याहून निराळी. ती अखेरपर्यंत स्वयंपाकघरात उभी असते, त्यामुळे तिला काही होत असेल अशी शंकाच कोणाला येत नाही.

येथे भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीतील 'काळीज' या शब्दाचा एक जुना, नेमका अर्थ यकृत असाच आहे. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो. तरीही दुःखाने काळीज तुटते, भीतीने काळजाचे पाणी होते आणि चिंतेने काळजाला घरे पडतात. युरोपात नैराश्याचे जे प्राचीन नाव होते, त्या 'मेलॅन्कोलिया'चा अर्थ काळे पित्त असा होतो. चरकसंहितेत तर रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. ही काही शास्त्रीय प्रमाणे नव्हेत. पण अशा भाषेत आणि अशा परंपरेत वाढलेल्या समाजाला यकृताच्या रुग्णाचे मन वेगळे तपासा, असे सांगावे लागते, हे विचित्र खरे.

याच्या उलट दिशेनेही चूक होऊ शकते आणि ती अधिक तातडीची असते. निकामी होत चाललेले यकृत रक्तातील अमोनिया व इतर अपायकारक द्रव्ये पुरेशी दूर करू शकत नाही. त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. 'हेपॅटिक एन्केफॅलोपथी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो, विसरतो, चिडतो, अक्षर बिघडते, पुढे धरलेले हात पंख फडफडावेत तसे थरथरतात. तिचे सौम्य रूप तर विशेष चाचण्यांवाचून ध्यानातही येत नाही. अशा रुग्णाला 'उदास झाला आहे' म्हणून कोणी झोपेची गोळी दिली, तर तो बेशुद्धीकडे ढकलला जाण्याचा धोका असतो. दोहोंतील फरक साधारणतः असा: मेंदूवरील ही धुंदी काही तासांत, काही दिवसांत चढते-उतरते, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांपैकी काहीतरी तिच्यामागे बहुधा असते, आणि लॅक्ट्युलोजसारख्या औषधाने ती ओसरते. नैराश्य आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते. धुंदीतील माणूस वार आणि तारीख चुकतो; नैराश्यग्रस्ताला आजची तारीख ठाऊक असते, तिच्यात त्याला स्वारस्य उरलेले नसते. दोन्ही अवस्था एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकतात हेही विसरता कामा नये. तरुण वयात वागणूक बदलली, अभ्यासातून मन उडाले आणि यकृताच्या चाचण्याही बिघडलेल्या आढळल्या, तर शरीरात तांबे साठणाऱ्या विल्सन विकाराची शंका घेतली पाहिजे. किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेला हा विकार क्वचित आढळणारा असला तरी त्यावर उपचार आहेत.

यकृत आणि मन यांचा संबंध केवळ दुःखाचा नाही, शरीरातील रसायनांचाही आहे, हे डॉक्टरांना शिकविले ते एका औषधाने. क प्रकारच्या हिपॅटायटिसवर इंटरफेरॉनची इंजेक्शने देण्यास अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली. पुढे रिबाव्हिरिनच्या जोडीने हे उपचार २४ ते ४८ आठवडे चालत. इंटरफेरॉन हे परके द्रव्य नव्हे. विषाणूंशी झुंजताना शरीर स्वतःच जी द्रव्ये निर्माण करते त्यांपैकीच ते एक. परंतु ते मोठ्या मात्रेत टोचल्यावर रुग्णांच्या एका मोठ्या हिश्श्याला, सुमारे चौथ्या भागाला, उपचारांच्या काळातच नैराश्याने गाठले. काहींनी आत्महत्येचा प्रयत्न केला. तेव्हा इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक भेटीत मनःस्थितीची चौकशी करणे डॉक्टरांना भाग पडले. मानसोपचारतज्ज्ञ यकृताच्या विभागात येऊ-जाऊ लागले ते या निमित्ताने.

पुढे चित्र पालटले. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे तोंडाने घेण्याचे औषध अमेरिकेत मान्य झाले. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी बनविलेली त्याची स्वस्त आवृत्ती येथे मिळू लागली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्याची सोय झाली. बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. वैद्यकाच्या इतिहासातील हे एक लखलखीत यश आहे. मात्र इंटरफेरॉन मागे पडले आणि मनाची चौकशी करण्याचे सक्तीचे निमित्तही त्याच्याबरोबर गेले. विषाणू गेल्यावर अनेकांचे मन सावरते, पण सर्वांचे नव्हे. ज्यांना सिरॉसिस जडला आहे, ज्यांचा विकार मद्याचा किंवा मेदाचा आहे, त्यांच्या शरीरात तर दाहाची प्रक्रिया धुमसतच राहते आणि तिचा मेंदूशी संबंध असल्याचे पुरावे वाढत आहेत.

या रुग्णाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, जी हृदयविकाराच्या रुग्णाला सोसावी लागत नाही. हृदयविकाराचा झटका आला की लोक भेटीला येतात. यकृत बिघडले असे कळले की लोक परस्परांकडे पाहतात. 'घेत असणार' हा निवाडा क्षणात होतो. आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेल्या शिक्षिकेलाही या नजरेतून सुटका नसते. हा कलंक किती बोचतो याचा पुरावा खुद्द वैद्यकाच्या परिभाषेत सापडतो. पित्तनलिकांच्या एका विकाराच्या नावातील 'सिरॉसिस' हा शब्द रुग्णांच्याच आग्रहामुळे २०१५ साली बदलण्यात आला. २०२३ साली मेदयुक्त यकृताच्या विकाराचेही नाव बदलले; जुन्या नावातील 'मेद' आणि 'मद्य' हे दोन्ही शब्द अवमानकारक ठरतात, हे त्यामागचे एक कारण होते.

आणि ज्याने खरोखरच मद्य घेतले, त्याचे काय? 'केले तसे भरले' असे म्हणून त्याच्या खिन्नतेकडे पाठ फिरविणे सोपे असते. नैराश्यामुळे पिणे वाढले की पिण्यामुळे नैराश्य आले, हा गुंता सोडविण्यास वेळ लागतो. मद्य सुटल्यानंतर काही आठवड्यांत पुष्कळांचे मन आपोआप उजळते. ज्यांचे उजळत नाही त्यांना स्वतंत्र उपचारांची गरज असते, नाहीतर ते पुन्हा बाटलीकडे वळण्याचा धोका असतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने व्यसन हा आजार आहे, ही जाणीव महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत पोचविली. यकृताच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत ती जाणीव तेवढ्याच प्रमाणात पोचली आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल.

अपराधीपणाच्या भावनेला आर्थिक बाजूही आहे. भारतात यकृतरोपणे बहुतांशी जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात आणि हा दाता बहुधा पत्नी, मुलगा, बहीण असा घरचाच असतो. खर्च लाखांच्या घरात जातो. भविष्यनिर्वाह निधी, दागिने, गावाकडची जमीन असे एकेक त्यात पडत जाते. "माझ्यासाठी पोराच्या पोटावर सुरी कशाला?" हे वाक्य वरकरणी विवेकाचे वाटते आणि कधी कधी ते खरोखर विवेकाचे असतेही. रुग्णाने नकार देण्याचा अधिकार त्याचाच आहे. परंतु नैराश्य माणसाकडून असा हिशेब करवून घेते की ज्यात स्वतःच्या जगण्याची किंमत शून्य धरलेली असते. त्या नकाराचा निर्णय करण्यापूर्वी हिशेब कोण करीत आहे, तो माणूस की त्याचा आजार, एवढे तपासून पाहणे हे त्याच्या अधिकाराचा आदर करणेच होय.

नैराश्य ओळखले तरी यकृत बिघडलेल्या माणसाला औषध कोणते देणार, अशी शंका घेतली जाते. ती निराधार नाही. बहुतेक नैराश्यविरोधी औषधांचे विघटन यकृतातच होते; म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते आणि ती सावकाश वाढवावी लागते. ड्युलॉक्सेटिनसारखे औषध या रुग्णांत टाळले जाते. सर्ट्रालिनच्या वर्गातील औषधे वापरता येतात, मात्र त्यांनी रक्तस्रावाचा संभव काहीसा वाढत असल्यामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असलेल्या रुग्णाच्या बाबतीत यकृततज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक ठरते. संवादावर आधारलेल्या मानसोपचारांना तर यकृताचा अडसरच नाही. सारांश, उपाय आहेत. तुटवडा आहे तो पहिला प्रश्न विचारणाऱ्याचा.

हा तुटवडा समजण्यासारखा आहे. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात, याचा ६७ देशांचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे अशी त्याची दोन टोके होती. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत जलोदर पाहायचा, अहवाल वाचायचे, गोळ्या बदलायच्या आणि मनही विचारायचे, ही अपेक्षा अन्याय्य आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसामान्य मानसिक विकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात असे आढळले होते, त्यामागे हेही एक कारण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. परंतु रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देणाऱ्या विम्याचा, महिन्यातून दोनदा समुपदेशकाकडे जाणाऱ्याला उपयोग थोडाच.

तरीही एक जागा रिकामी आहे. जलोदराच्या रुग्णाचे प्रत्येक भेटीत वजन केले जाते आणि ते काम डॉक्टर करीत नाहीत, परिचारिका किंवा सहायक करतात. त्याच वेळी गोडी आणि खिन्नता यांविषयीचे दोन प्रश्न विचारून उत्तर वजनाशेजारी लिहिण्यास अर्धे मिनिटही लागणार नाही. उत्तर होकारार्थी आले तर उरलेले प्रश्न विचारावेत. मरणाच्या विचारांविषयी विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात भरवला जातो, ही समजूत खरी नाही. विचारल्याने त्याला बहुधा हायसेच वाटते. तेथे होकार आला, तर रुग्णाला एकट्याने घरी पाठवू नये, घरातील औषधांचा साठा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्यावा आणि त्याच दिवशी मानसोपचार विभागाची गाठ घालून द्यावी. जेथे तसा विभाग जवळ नाही तेथून '१४४१६' हा दूरध्वनी क्रमांक फिरविता येतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा तो क्रमांक असून, तेथे दिवसरात्र कोणीतरी ऐकायला असते आणि मराठीतही बोलता येते.